लुका मॉड्रिच : मोस्तारपासून माद्रिदपर्यंत

मित्रहो, क्रोएशियाचा फुटबॉलपटू लुका मॉड्रिच म्हटलं की स्पेनचा रेआल माद्रिद क्लब आणि तिथे जिंकलेल्या सहा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, आठवतात. मला मात्र आधी मोस्तारबद्दल बोलायचं आहे.

2003 साली क्रोएशियाच्या डिनामो झाग्रेब क्लबने अठराव्या वर्षात असलेल्या या पोराला बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तार क्लबकडे लोनवर, म्हणजे तात्पुरतं खेळायला, धाडलं. त्याची परदेशातली ही पहिली लीग. बोस्नियातलं युद्ध संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. तिथली मैदानं खडबडीत आणि खेळ दांडगा, पायावर लाथ बसली तरी रेफरीची शिट्टी वाजेलच असं नाही. शरीरयष्टी किरकोळ, म्हणून हायदुक स्प्लिट या क्रोएशियन क्लबने त्याला लहानपणीच नाकारलं होतं. त्या पोराने हंगाम संपता संपता लीगमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून मान मिळवला. बोस्नियात जो खेळू शकला तो कुठेही खेळेल, असं तो स्वतःच पुढे म्हणाला.

त्याचं बालपण तुम्ही वाचलंच असेल. 1991 मध्ये क्रोएशियातल्या युद्धात त्याच्या आजोबांची हत्या झाली, घर सुटलं आणि झादर शहरातल्या हॉटेलांमध्ये निर्वासित म्हणून वर्षं काढावी लागली. हॉटेलच्या पार्किंगमध्ये तो चेंडू खेळायचा. पण दुःखातून खेळाडू घडतो, हे मला पटत नाही. दुःख त्या हॉटेलातल्या प्रत्येक मुलाला होतं. खेळाडू सामन्यांतून घडतो, आणि मोस्तारने त्याला सामने दिले.

2008 मध्ये इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबने त्याच्यासाठी 1 कोटी 65 लाख पौंड मोजले. सुरुवात वाईट झाली. पहिल्या आठ सामन्यांत संघाला फक्त दोन गुण मिळाले. इंग्लंडच्या धसमुसळ्या खेळात हा टिकायचा नाही, असं बोललं जाऊ लागलं. मग हॅरी रेडनॅप प्रशिक्षक म्हणून आले. पुढच्या काळात मॉड्रिच मैदानाच्या मधोमध, जरा मागे खेळू लागला आणि अख्खा संघ त्याच्या पायातून वाहू लागला. 2010 मध्ये टॉटनहॅम लीगमध्ये चौथं आलं आणि चॅम्पियन्स लीगला पोहोचलं.

इथे मिडफिल्डरचं, म्हणजे मॉड्रिचसारख्या मधल्या फळीतल्या खेळाडूचं, काम नीट समजून घेऊ. बचावपटूच्या बहुतेक समोरच खेळ चाललेला असतो. मधल्या फळीतल्या माणसाला चारही बाजूंनी प्रतिस्पर्धी असतात. म्हणून चेंडू पायाशी येण्याआधीच दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घ्यावं लागतं. मॉड्रिचचा सामना पाहाल तेव्हा चेंडू सोडून फक्त त्याच्या मानेकडे बघा, ती सतत फिरत असते. आणि परदेशात गेलेल्या मिडफिल्डरची अडचण माझ्या मते सगळ्यात मोठी असते. स्ट्रायकरला एक संधी मिळाली, गोल झाला, की तो आपला झाला. मिडफिल्डरला मात्र दहाही सोबत्यांच्या सवयी शिकाव्या लागतात : कोणाला पास पायात हवा, कोणाला पुढे मोकळ्या जागेत. त्याला वेळ लागतो.

हा वेळ माद्रिदने त्याला आनंदाने दिला नाही. 2012 च्या ऑगस्टअखेर तो तिथे गेला आणि डिसेंबरात ‘मार्का’ या क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वात वाईट खरेदी ठरवलं. मार्च 2013 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, रेआल एका गोलने मागे होतं. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या मॉड्रिचने लांबून फटका मारला, चेंडू खांबाला लागून आत गेला. सामना रेआलने 2-1 जिंकला आणि तिथून लोकांची नजर बदलली.

2025 मध्ये त्याने माद्रिद सोडलं तेव्हा त्याच्या नावावर 597 सामने आणि 43 गोल होते. नुसते गोल मोजले तर हा माणूस कळणारच नाही. 12 एप्रिल 2022 ची रात्र आठवा. चॅम्पियन्स लीगचा सामना, बर्नाबेऊ या रेआलच्या घरच्या मैदानावर इंग्लंडचा चेल्सी क्लब तीन गोलांनी पुढे, दोन्ही सामने मिळून रेआल बाहेर पडण्याच्या बेतात. ऐंशीव्या मिनिटाला छत्तीस वर्षांच्या मॉड्रिचने डावीकडून, उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू बचावफळीवरून उचलला आणि तो थेट धावत्या सोबत्याच्या, रॉड्रिगोच्या, पायावर उतरला. गोल रॉड्रिगोच्या नावावर लागला. जादा वेळेत रेआल पुढच्या फेरीत गेलं आणि त्या वर्षी विजेतंही झालं.

2018 मध्ये त्याने जेमतेम चाळीस लाख वस्तीच्या क्रोएशियाला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि बॅलन डी’ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कारही पटकावला. भारतीय फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक इगोर स्टिमाक हे एकेकाळी क्रोएशियाचे प्रशिक्षक होते, मॉड्रिच त्यांच्या संघात खेळला आहे. मोस्तारची गोष्ट लक्षात ठेवून इथल्या पालकांना आणि प्रशिक्षकांना माझं सांगणं आहे : आपल्या मुलाला परदेशातल्या लहान लीगमधून बोलावणं आलं तर नाक मुरडू नका. मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा दर आठवड्याला नव्वद मिनिटं खेळणं कितीतरी मोलाचं.

माद्रिदनंतर मॉड्रिच कुठे गेला? इटलीच्या एसी मिलान क्लबला. नव्वदच्या दशकात झ्वोनिमिर बोबान हा क्रोएशियन मिडफिल्डर तिथे खेळायचा. त्याच्यामुळे झादरमधल्या त्या मुलाचा तो लहानपणापासूनचा आवडता क्लब. तिथे खेळत असतानाच, सप्टेंबर 2025 मध्ये, त्याने वयाची चाळिशी गाठली.