सहा इंचांचा आरसा

(दृश्य: गच्चीवर पत्र्याचं पिंप. त्यावर फळी, फळीवर काच, काचेवर दोन हात. खरखर. पहिली काही सेकंदं नुसता आवाज.)

हा आवाज ऐंशी नंबरच्या कार्बोरंडमचा, म्हणजे काच घासायच्या कडक पुडीचा. खाली एक काच, वर एक काच, मध्ये ओली पूड. वरची काच पुढे ढकलायची, मागे ओढायची, हातातल्या हातात जराशी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. मग पुन्हा तेच. पिंपात पाणी भरून ठेवलंय, नाहीतर या जोरानं तेच गच्चीभर चालायला लागतं.

शनिवारची दुपार, पुण्यातली गच्ची. आमच्या मंडळाची दुर्बीण कार्यशाळा. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, इंजिनिअरिंगची दोन मुलं, शाळेतल्या एक बाई. आणि आठवीतली ही मुलगी. तिला पिंप उंच पडतं, म्हणून पायाखाली देवघरातला पाट दिलाय.

यातली वरची काच आरसा होणार आहे. ती कडेबाहेर सरकते तेव्हा तिचा भार खालच्या काचेच्या काठावर येतो. त्यामुळे खालचीचा काठ झिजतो आणि वरचीचा मधला भाग. घासता घासता एक खोलगट होत जाते, दुसरी फुगीर. साचा नाही, यंत्र नाही. खोली तरी किती? सहा इंची काचेत, मधोमध, जेमतेम 1.2 मिलिमीटर. तेवढ्यावर हा आरसा ताऱ्याचा प्रकाश 1,200 मिलिमीटर अंतरावर, म्हणजे सुमारे चार फुटांवर, एका बिंदूत गोळा करतो.

(दृश्य: बादली, ब्रश, नखं घासणारे काका.)

ऐंशीनंतर एकशेवीस, मग दोनशेवीस, चारशे, सहाशे. पूड बारीक होत जाते, तशी खरखर मऊ होत जाते. नंबर बदलताना सगळं धुवायचं: काच, फळी, हात, नखं. खालचं वर्तमानपत्रही नवं. जाड पुडीचा एक कण मागे राहिला की ओरखडा पडलाच समजा, आणि ओरखडा घालवायचा तर मागच्या नंबरावर परत. काका म्हणूनच घड्याळ काढून, बाह्या कोपराच्या वर दुमडून बसलेत. बँकेत इतकी वर्षं नोटा मोजल्या, पण इतक्या वेळा हात धुतले नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

आता पॉलिश. पिच, म्हणजे डांबरासारखा चिकट पदार्थ, वितळवून दुसऱ्या काचेवर ओतायचं, कोमट असतानाच त्यात चौकटी पाडायच्या आणि सिरियम ऑक्साइडच्या गुलाबीसर पाण्यानं पुन्हा घासायचं. दुधी काच हळूहळू पारदर्शक व्हायला लागते. बाईंनी ती डोळ्यासमोर धरली, तो हा क्षण.

(दृश्य: अंधारी खोली. टेबलावर बारीक दिवा, त्याच्यापुढे ब्लेड.)

एवढ्यानं आरसा झाला असं नाही. घासून येतो तो गोलाचा तुकडा. आपल्याला पॅराबोला हवा. दोन्हींत फरक असतो मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. तो डोळ्यांनी बघायची युक्ती फूको या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1858 मध्ये सांगितली. आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत ब्लेडची धार हळूच आणायची. मग आरशावर सावल्या उमटतात आणि उंचसखल भाग टेकड्या-दऱ्यांसारखे उठून दिसतात.

आता नीट बघा. मुलीला सांगितलं, आरशावर अंगठा टेकव आणि तीसपर्यंत मोज. तिनं अंगठा उचलला. तो बघा, तिथे उंचवटा आलाय. अंगठ्याच्या उबेनं काच तेवढीच फुगली. काही मिनिटांत निवळेल. मुलगी दुसरा अंगठा टेकवायला निघाली, तिला थांबवलं.

यानंतर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवला जातो. तिथे आम्हाला कॅमेरा नेता आला नाही.

पुण्याला हे वेड जुनं आहे. हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था, ज्योतिर्विद्या परिसंस्था, इथेच 22 ऑगस्ट 1944 रोजी स्थापन झाली. तेव्हा देश स्वतंत्र व्हायचा होता, दुसरं महायुद्ध चालू होतं आणि पुण्यातल्या काही लोकांना आकाश बघायला एकत्र जमायचं होतं. पुढे आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आली, खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या उभ्या राहिल्या. आमच्यासारखी लहान मंडळं याच वातावरणात वाढली.

(दृश्य: करवत, प्लायवूड, पीव्हीसी पाइप, सनमायकाचा तुकडा.)

दुर्बीण ज्यावर फिरते त्या या बैठकीला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोतला साधू, रामकृष्ण परंपरेतल्या वेदान्त मठात राहणारा. जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा मिळवून त्यानं आरसे घासले आणि 1967 मध्ये मठ सुटल्यावर दुर्बिणी थेट फुटपाथवर मांडल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची, चंद्र दाखवायचा. आमचं सगळं त्याच घराण्यातलं. फक्त आम्ही फुटपाथऐवजी एसटी जाते तिथवर जातो.

(दृश्य: डिसेंबर 2025. भोर तालुक्यातलं एक गाव, जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण. संध्याकाळ. रांग.)

सगळ्यांना हवी शनीची कडी. पुस्तकात असतात तशी, रुंद आणि तिरकी. आणि नेमकी यंदा ती नाहीत. दर साधारण पंधरा वर्षांनी पृथ्वी कड्यांच्या पातळीतून जाते. यावेळी ते 23 मार्च 2025 ला झालं. डिसेंबरातही कडी जवळजवळ कडेनंच दिसतायत. दुर्बिणीत शनी सुईत ओवलेल्या मण्यासारखा दिसतो.

“सर, कडी कुठायत?”

हा प्रश्न त्या संध्याकाळी रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकानं विचारला. आमच्या ताईनं फळीवरची थाळी उचलली, आधी तिरकी धरली, मग डोळ्यांच्या रेषेत आडवी. उत्तर मिळालं. निळ्या स्वेटरमधला हा मुलगा मात्र ऐकेना. तो नळीच्या पुढच्या तोंडाशी गेला आणि आत कुणी चित्र चिकटवलंय का ते बघून आला. असा संशय घेणारा पोरगा मंडळाला हवाच असतो.

(दृश्य: चौकातला हायमास्ट दिवा. खांबाशी वायरमन. कॅमेरा आकाशाकडे.)

गावात अलीकडेच हायमास्ट बसलाय. ग्रामपंचायतीला आधी पत्र दिलं होतं, सरपंच स्वतः आले आणि वायरमननं फ्यूज काढला. हे दृश्य आम्ही कापलेलं नाही, जसं चित्रित झालं तसं आहे. आधी पाच-सहा तारे. मग काळोख. थोडा वेळ काहीच नाही, कारण डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं घेतात. आणि मग हे. रोहिणी, कृत्तिकांचा पुंजका, पूर्वेला वर येणारा मृग, त्याच्याखाली व्याध. पटांगणातला गलका आपोआप उतरला, तो तुम्हाला ऐकू येतोय.

रांगेच्या शेवटी या आजी. त्यांना शनी नको होता.

“पोरा, आमचं तिकांडं बी दिसंल का रं यातनं?”

तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातले तीन तारे. लहानपणी रानात राखणीला असताना त्यावरून रात्र किती सरली ते बघायच्या, असं त्या सांगतात. दुर्बीण तिकांड्यावर लावली, मग जराशी खाली, तेजोमेघावर. त्या अंधुक ढगात नवे तारे जन्माला येतायत. तिथून प्रकाश इथवर यायला तेराशेहून जास्त वर्षं लागतात. तो निघाला तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. आजी बराच वेळ डोळा लावून होत्या. मागचे कुणी काही बोललं नाही.

कार्यक्रम संपला, हायमास्ट पुन्हा लागला.

दिवे नकोत असं कुणीच म्हणत नाही. रात्री रस्त्यावर साप दिसला पाहिजे. पण दिव्यावर टोपी घालता येते, उजेड जमिनीवर पाडता येतो. महाराष्ट्रात हे झालेलं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आसपासच्या गावांतले दिवे खाली वळवून घेतले होते. जादा उजेडाचे पक्ष्यांवर, कीटकांवर आणि माणसाच्या झोपेवर परिणाम होतात, वीजबिलही वाढतं.

(दृश्य: 13 मे, भर दुपार. पटांगणात उभा केलेला पाइपचा तुकडा, भोवती मुलं.)

हे त्याच शाळेतलं, मागच्या उन्हाळ्यातलं. दुपारी 12 वाजून 31 मिनिटं. सूर्य बरोबर डोक्यावर, सावली गायब. पुण्याच्या पट्ट्यात हा शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात येतो आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. तो जुलैतला बहुतेक ढगात जातो. नागपूरकरांना मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबावं लागतं. दिल्लीत हा दिवस कधीच येत नाही, कर्कवृत्ताच्या पलीकडे असल्यामुळे. हे ऐकून मुलांना भलताच आनंद झाला.

(दृश्य: दुर्बीण टेम्पोत चढते. पडद्यावर पुढच्या कार्यक्रमाची पाटी.)

कार्यशाळेतली काही मुलं पुढे भौतिकशास्त्राकडे वळली, बाकीची आपापल्या नोकरीधंद्यात आहेत आणि शनिवारी येतात. बाईंचा आरसा तयार झालाय. मुलीचा अजून चारशे नंबरावर आहे.

पुढचं आकाशदर्शन अमावास्येच्या जवळच्या शनिवारी, रात्रभर. स्वेटर, कानटोपी, सतरंजी आणा. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावून या, पांढऱ्या उजेडानं सगळ्यांचे डोळे पुन्हा दिपतात. मोबाइल गाडीत ठेवलात तर उत्तम. चहा मंडळाचा, कप आपापला.