पंधराव्या आठवड्यातले पंधरा

[पडद्यावर ४२ ठिपके. एकेक विझत जातो.]

रक्ताच्या कर्करोगाचे हे ४२ रुग्ण. आजार सध्या दबलेला. २१ जणांना ६-मर्कॅप्टोप्युरिन हे औषध, बाकीच्या २१ जणांना औषध नसलेली नुसती गोळी. अमेरिकेतली ही चाचणी १९६३ साली छापून आली. आजार कितव्या आठवड्यात उलटला, एवढीच नोंद. औषधवाल्यांपैकी १२ जणांचा तर नोंद थांबेपर्यंत उलटलाच नव्हता.

नुसत्या गोळीवर धोका किती पट जास्त? अडचण अशी, की मुळात हा धोका दर आठवड्याला कसा चढतो-उतरतो, ते कुणालाच माहीत नाही. एखादं सूत्र गृहीत धरलं आणि तेच चुकलं, तर पुढचं सगळं मुसळ केरात.

१९७२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी हीच आकडेवारी घेतली.

[पंधराव्या आठवड्यावर चित्र थांबतं.]

आता उरलेत १५ जण. आठवडाही पंधरावाच, पण तो योगायोग. त्यात ११ औषधवाले, ४ नुसत्या गोळीवाले. या आठवड्यात एकाचा आजार उलटला. आत्ताच का, हे कॉक्स विचारतच नाहीत. एकाचा उलटला हे धरून चाला. तो त्या चौघांतला असण्याची शक्यता किती? धोका सारखाच असेल, तर १५ पैकी ४, म्हणजे २७ टक्के. समजा साडेचार पट असेल, तर चौघांचं वजन १८. त्यात औषधवाल्यांचे ११ मिळवले की २९. २९ पैकी १८, म्हणजे ६२ टक्के. आणि त्या आठवड्याचा मूळ धोका? तो अंशातही आहे, छेदातही. शाळेत काटायचो तसा काटला!

अर्धा भाग (किती पट) आकड्यात बांधलेला, अर्धा (मूळ धोका) मोकळा सोडलेला: हेच सेमीपॅरामेट्रिक मॉडेल.

आजार उलटलेल्या प्रत्येक वेळेचा असा अपूर्णांक घ्यायचा, ते सगळे गुणायचे आणि गुणाकार सर्वांत मोठा करणारा आकडा शोधायचा. न्यूटनच्या पद्धतीने, म्हणजे अंदाज दर फेरीला सुधारत, तो मोजक्या फेऱ्यांत सापडतो. शेवटच्या आठवड्याकडून मागे येत बेरीज वाढवत नेली, की उरलेल्यांची यादी दर वेळी नव्याने मोजावी लागत नाही. एकाच आठवड्यात अनेकांचा उलटला, तर तेवढं जपून. ते कसं हाताळता त्यावर उत्तर जरा हलतं: साडेचार ते पाच पट.

पण नेमक्या वेळा टाकून दिल्या, फक्त क्रम ठेवला, तर माहितीही गेली ना? १९७७ मध्ये संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांनी हिशोब मांडला: नुकसान अगदी किरकोळ.

[एक ठिपका अजून पेटलेला.]

हा ३५ आठवड्यांवर नोंद थांबलेला रुग्ण. आजार उलटला नाही, म्हणून अंशात तो एकदाही घटना म्हणून आलेला नाही. छेदात मात्र प्रत्येक वेळी आहे.