वेचणीला जाण्याआधीचे जेवण

यवतमाळ जिल्ह्यातील या गावात दिवाळीनंतर चुली पहाटेच पेटतात, कारण ऊन चढण्यापूर्वी बायकांना कापूस वेचायला वावरात पोहोचायचे असते. या घरातील ताई मात्र वेचणीच्या दिवसांत सकाळी घासभरही खात नसत. वावरात आडोसा नाही आणि शौचाची कळ आली की ती थोपवता येत नाही, म्हणून दुपारपर्यंत उपाशी राहायचे आणि पाणीही टाळायचे, असा मार्ग त्यांनी स्वतःपुरता काढला होता.

त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. या आजारात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येऊन व्रण पडतात, आणि रक्त व आव मिसळलेले शौच दिवसातून अनेकदा होते. रक्त पडते म्हणजे मूळव्याधच, असे धरून दोन वर्षे चूर्णे आणि मलमे चालली. दुर्बिणीने आतडे पाहून तुकडा तपासल्यावर निदान झाले. याच्या जवळचा क्रोन्स हा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. आतड्याच्या क्षयाशी त्याचे इतके साम्य असते की क्षय आहे की नाही हे पाहिल्याशिवाय स्टेरॉइड हे सूज उतरवणारे औषध सुरू करणे धोक्याचे असते.

निदानानंतर घरात पथ्य सुरू झाले. कोणी तुरीचे वरण वातूळ म्हणून बंद केले, कोणी अंडी उष्ण म्हणून, आणि अखेर ताटात भाताची पेज तेवढी उरली. सर्वांत जास्त काळजीचा टप्पा हाच. एखादा पदार्थ सोडल्याने हा आजार बरा होत नाही. उलट रक्तावाटे लोह जात राहते, आणि सूज असताना शरीराला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ४० किलोच्या बाईला सुमारे ५० ते ६० ग्रॅम. पेजेतून ती मिळणे शक्य नाही.

ताईंच्या चुलीवर आता ज्वारीच्या कण्या शिजत आहेत. ज्वारी भरडून, पाखडून कोंडा वेगळा केला आहे. सोबत मुगाचे घट्ट वरण आणि उकडलेले अंडे आहे. त्रास वाढला की जवसाची चटणी, कच्चा कांदा आणि ठेचा बाजूला राहतो, आणि पोट शांत झाले की भाकर व पालेभाजी परत येते. क्रोन्समुळे आतडे अरुंद झालेल्या रुग्णाने मात्र शेवग्याच्या शेंगांचा चोथा आणि संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा गिळू नये, कारण तो तिथे अडकू शकतो.

सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी आजार उसळवू शकते. लोहाच्या गोळीने शौच काळसर होते, त्याने घाबरू नये. पण आजार जोरात असताना ती गोळी नीट लागू पडत नाही आणि डॉक्टर लोह शिरेतून देतात. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायची. पेलाभर पाण्यात अंदाजाने टाकायची नाही.

यंदा वेचणी सुरू होण्याआधी ताईंच्या जावेने धुऱ्यावरच्या दोन बाभळींना जुनी लुगडी बांधून आडोसा केला. या हंगामात ताई सकाळी जेवून, पाण्याची बाटली घेऊन वावरात जातात.