वाचवलेल्या युनिटचा भाव

(खोपोली. डोंगरउतारावरचे जाड नळ. पाण्याचा आवाज.)

वळवण, लोणावळा, शिरवटा. घाटमाथ्यावरच्या या तलावांचं पाणी 500 मीटरहून जास्त खाली येतं आणि पेल्टन चक्राच्या, म्हणजे पाण्यावर फिरणाऱ्या टर्बाइनच्या, वाट्यांवर आदळतं. वीज तयार होते. 1915 पासून हे असंच चालू आहे. याच विजेवर गिरणगावातले साचे फिरले.

(लालबाग. गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर.)

शहर वाढलं, देशाची भूकही वाढली. 1991 साली परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतंच उरलं होतं. त्याच वर्षी कायदा बदलला आणि वीजनिर्मिती खासगी, परदेशी कंपन्यांना खुली झाली.

(दाभोळची खाडी. होडीतून दिसणारा अंजनवेलचा प्रकल्प.)

कंपन्यांनी यावं म्हणून केंद्र सरकारने घसघशीत हमी दिली: वीजकेंद्र 68.5 टक्के क्षमतेने चालवा, भागभांडवलावर 16 टक्के परतावा घ्या. डिसेंबर 1993 मध्ये अमेरिकेतल्या एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी राज्य वीज मंडळाचा करार झाला. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे भरायचेच, असं त्यात होतं. आणि दरात डॉलरही होता. रुपया घसरला की वीज महाग. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये नाफ्थ्यावर, म्हणजे एका खनिज तेलाच्या इंधनावर, सुरू झाला. 2001 मध्ये बंद पडला.

नव्या मेगावॉटला हमी होती. वाचवलेल्या युनिटला त्या धोरणात भावच नव्हता. ऊर्जा संवर्धनाचा कायदा संसदेत मंजूर झाला तोही 2001 मध्येच, सुधारणा सुरू होऊन दहा वर्षं झाल्यावर. वीजबचत दाखवणारे फ्रिजवरचे तारे तर 2006 मध्ये आले.

2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या. खेड्यापाड्यांत तासन्‌तास लोडशेडिंग, मुंबईत दिवे चालू.

(चाळीतली खोली. स्टुलावर उभा वायरमन.)

ही जुनी ट्यूब 40 वॉटची. पण तिच्या पट्टीतला तांब्याचा चोक हात लावून बघा, चटका बसतो. 10-12 वॉट नुसते तापण्यात जातात. वायरमन पट्टी उतरवतो, चोक खिशात टाकतो. भंगारात तांब्याला भाव आहे. जागी 20 वॉटची एलईडी बसते.

(खटका. उजेड. आजी डोळे मिचकावतात.)

आता पंखा. जुना 75 वॉट खातो, नवा साधारण 30.

(जिन्याखालची मीटरची पेटी. सगळे लाल दिवे भराभर लुकलुकतायत. एक सावकाश.)