पाय टेकतात का?

(दृश्य: दाभोळची जेट्टी. धोपाव्याहून आलेली फेरीबोट लागते. पाऊस नुकताच उघडला आहे.)

फेरीबोटीचा लोखंडी रॅम्प बाराही महिने ओला असतो. पावसाळ्यात वरून, एरवी खालून. वाशिष्ठीच्या खाडीचं पाणी, त्यात सांडलेला डिझेलचा थेंब, आणि पुढे लगेच चढ. मोटरसायकली उतरतात तेव्हा चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, पायांकडे बघा. सराईत माणूस पाय उचलून पहिल्या गियरात सरळ वर निघून जातो. नवशिक्याचे दोन्ही पाय खाली, बदकासारखे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिली गाडी निवडताना ते पाय जमिनीला पुरतात का, एवढंच बघायचं.

(दृश्य: गुहागर तालुक्यातलं एक घर. पडवीत गणपतीच्या मखराची तयारी.)

हा मुलगा 18 वर्षांचा. चिपळूणच्या कॉलेजात जातो. दोन महिने एसटीने काढले. सकाळची गाडी चुकली की पहिला तास गेलाच. आंब्याचे पैसे बाजूला ठेवलेत, शिकाऊ लायसन्स खिशात आहे. पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतर. तोवर घरात एकच चर्चा, गाडी कुठली?

त्याला हवी रॉयल एनफील्डची क्लासिक 350. मुंबईचा आतेभाऊ गणपतीला तीच घेऊन आलाय, आणि तो आवाज काही याच्या डोक्यातून जात नाही. बाबा म्हणतात स्प्लेंडर. का, तर वाडीत तीच जास्त आहे, एकीचा पार्ट दुसरीला बसतो, आणि वाटेत बंद पडली तरी हात लावणारा कुणीतरी भेटतो. बाबांच्या या बोलण्याला मुलं हसतात. आम्ही हसलो नाही.

कागदावर बघितलं तर दोन्ही गाड्यांच्या सीटच्या उंचीत जेमतेम 20 मिलिमीटरचा फरक. स्प्लेंडर 785, क्लासिक 805. वजनात मात्र 112 किलो कुठे आणि 195 कुठे! मधले 83 किलो म्हणजे तांदळाचं दीड पोतं, वर थोडं आणखी. चालत्या गाडीवर हे पोतं जाणवत नाही. उलट गाडी भरीव वाटते, वाऱ्याला हलत नाही. ते जाणवतं थांबताना, वळवून लावताना, अंगणातून मागे ओढताना.

(दृश्य: बेड्यापासून, म्हणजे आवाराच्या फाटकापासून, अंगणापर्यंतचा उतार. जांभ्यावर हिरवं शेवाळ.)

घर रस्त्याच्या खाली. बेड्यापासून अंगणापर्यंत वीस-पंचवीस पावलांचा उतार, दोन्ही बाजूंना गडगा, म्हणजे दगड रचून केलेली बुटकी भिंत. पावसात या जांभ्यावर चप्पल टिकत नाही, तिथे टायरची काय कथा. आम्ही मुलाला म्हटलं, आतेभावाची गाडी बंद ठेवून इथेच, उतारावर बसून बघ.

बसला. हँडल सरळ होतं तोवर ठीक. जरा वळवलं आणि उताराच्या बाजूचा पाय टेकायला गेला, तर जमीन दोन बोटं खाली. शोरूमच्या फरशीवर हाच पाय पुरला होता. गाडी कलायला लागली. थोडी कलेपर्यंत माणूस तोलतो, त्यापुढे गाडीच ठरवते काय करायचं ते. ती गडग्याला टेकली आणि क्लचचा दांडा वाकला. आतेभाऊ एक शब्द बोलला नाही. मुलाला तेच जास्त लागलं.

(दृश्य: शृंगारतळी. गॅरेज.)

मग जुनी गाडी घेऊ, असाही एक विचार निघाला. पहिल्यांदा शिकताना गाडी पडणारच, तर ती आधीच पडलेली असलेली बरी. यात तथ्य आहे. पण इथले मिस्त्री आधी हेडलाइट उघडून बघतात. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं, ते त्यांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. बुडालेली गाडी बाहेरून पुसता येते; हेडलाइटच्या आतल्या कोपऱ्यातला, सीटखालच्या खाचेतला वाळलेला चिखल राहतो. वायरींच्या जोडावर हिरवट थर दिसतो. इंजिनात पाणी गेलं असेल तर ऑइल दुधाळ होतं, चहासारखं.

पूर नाही पाहिला तरी खारी हवा प्रत्येक गाडीने खाल्लेली असते. टाकीची खालची कड, सायलेन्सरचं पोट, स्पोकची मुळं. तिथे बोट फिरवायचं. लाल भुकटी हाताला लागली तर किंमत पाडा, खपली निघाली तर घरी या.

ब्रेकचंही बघायला हवं. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्याखाली निदान सीबीएस तरी, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. नवशिक्या घाबरला की पुढचा ब्रेक आवळतो, आणि ओल्या रस्त्यावर चाक जाम झालं की माणूस खाली. एबीएस ते जाम होऊ देत नाही. सुट्या खडीवर मात्र त्याच्या भरवशावर राहू नये, तिथे गाडी थांबायला उलट जास्त जागा लागते.

दोघं बसून कुंभार्ली घाट चढायचा तर शंभर सीसीच्या स्प्लेंडरची दमछाक होते, हे खरं. पण हा मुलगा घाट वर्षातून चढणार किती वेळा? बाबा आणि मुलगा शेवटी एका 125 वर थांबले. नवीन, अॅलॉय व्हीलची. पैसे मोजायच्या आधी आयएसआय हेल्मेटचे वेगळे काढले, नाहीतर नंतर रस्त्याकडेचं येतं.

(दृश्य: पहाट. सडा, म्हणजे जांभ्याचं मोकळं पठार. मुलगा टेस्टसाठी गाडीने आठ काढतोय. मग पुन्हा दाभोळ, दिवाळीनंतर.)

पक्कं लायसन्स हातात आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो धोपाव्याहून बोटीत चढला. दाभोळला रॅम्प खाली आला. पुढची रिक्षा गेली. त्याने क्लच सोडला आणि गाडी बंद पडली, चढाच्या ऐन तोंडाशी. मागून हॉर्न.

दोन्ही पाय ओल्या लोखंडावर, तळव्यासकट टेकलेले. त्याने मागे बघितलं नाही. न्यूट्रल शोधलं, सेल्फ मारला. बोटीवरचा खलाशी ओरडला, "हाफ क्लचवर ने, बाळा!"

आणि बदकासारखे पाय टाकत तो वर गेला.