मेंदूतला कचरा जातो कुठे?

नोव्हेंबर १९०६. जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये डॉक्टर अलॉइस अल्झायमर एका दिवंगत रुग्णाच्या मेंदूबद्दल सांगत होते. तिचं नाव आउगुस्टे डेटर. पन्नाशी ओलांडते न ओलांडते तोच तिची स्मृती ढासळली होती. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मेंदूत जागोजागी एक चिवट पदार्थ साचलेला दिसला. त्यातलं मुख्य प्रथिन ओळखायला १९८० चं दशक उजाडलं. बीटा-अमायलॉइड.

हे प्रथिन तुमच्या-माझ्या मेंदूतही रोज तयार होतं. त्यात वावगं काहीच नाही. पण ते वेळच्या वेळी बाहेर पडायला हवं. शरीरात इतरत्र पेशींभोवतीचा असा निचरा लसिकावाहिन्या करतात, आणि मेंदूच्या गाभ्यात तर त्या सापडतच नाहीत!

२०१२ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात माइकेन नेडरगार्ड यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूत एक वाट दाखवून दिली. मेंदूभोवतीचा द्रव धमन्यांच्या कडेकडेने आत शिरतो. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात झिरपावं तसा. धमनीचा प्रत्येक ठोका त्याला पुढे रेटतो. रक्तवाहिन्यांना बिलगून असतात अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताराकार पेशी. त्यांच्या पृष्ठभागावर पाण्यापुरती उघडणारी सूक्ष्म दारं आहेत, अ‍ॅक्वापोरिन-४. ती काढून टाकलेल्या उंदरांत निचरा स्पष्टपणे मंदावला.

पुढच्याच वर्षी याच गटाला आढळलं, की झोपलेल्या उंदरांत पेशींमधली मोकळी जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते आणि बीटा-अमायलॉइड दुप्पट वेगाने बाहेर पडतं.

इथे थोडं थांबायला हवं. २०२४ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांना उंदरांतच नेमकं उलट दिसलं: झोपेत निचरा कमी. मोजायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं का, यावर आज जोरदार वाद चालू आहे. म्हणून ‘भरपूर झोपा, अल्झायमर टळेल’ असं छातीठोक सांगणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं.

माणसांबद्दलचा एक पुरावा मात्र मला फार मोलाचा वाटतो. नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये काही जणांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात एमआरआयवर दिसणारं औषध सोडलं गेलं. त्यांतल्या काहींना रात्रभर जागं ठेवलं. जागलेल्यांच्या मेंदूत ते औषध जास्त वेळ रेंगाळलं. पुढच्या रात्री ते मनसोक्त झोपले, तरीही मागे पडलेला निचरा भरून निघाला नाही.