सांता मोनिकाच्या भिंतींआड

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर माझ्या आजच्या विषयाला ‘प्रवासवर्णन’ म्हटले आहे. परंतु ज्या वास्तूविषयी मी बोलणार आहे ती पाहण्यासाठी मी सोलापुरातून निघालोच नव्हतो. २०२४ च्या डिसेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा सुरू होता आणि आमच्या कुटुंबाला तो पाहायचा होता. हा सोहळा दहा वर्षांतून एकदाच होत असल्याने गर्दी आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची आठवण व्हावी इतकी होती. मंडळी रांगेत उभी राहिली, मला मात्र गुडघ्यांमुळे फार वेळ उभे राहता येईना, म्हणून मी सावली शोधत पश्चिमेकडचा चढ चढू लागलो. पोर्तुगीज काळापासून त्या टेकडीला ‘मोंते सांतो’, म्हणजे पवित्र डोंगर, म्हणतात. तेथे एका भल्यामोठ्या तीनमजली इमारतीने माझी वाट अडवली. ते सांता मोनिकाचे कॉन्व्हेंट होते.

आपल्याकडे ‘मुलगा कॉन्व्हेंटला आहे’ म्हटले की इंग्रजी शाळा आणि गळ्यातला टाय डोळ्यांसमोर येतो. मूळ अर्थ मात्र व्रतस्थ स्त्रियांचा मठ असा आहे. आर्चबिशप आलेक्शो द मेनेझिस यांनी १६०६ साली पाया घातलेला हा मठ १६२७ पर्यंत बांधून झाला. १६३६ मध्ये तो आगीत सापडला आणि लगोलग पुन्हा उभा राहिला. संत ऑगस्टिन यांच्या पंथातील स्त्रियांसाठी बांधलेली ही आशियातील अशा प्रकारची पहिली मोठी वास्तू होय. गोवा १५१० पर्यंत विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासाठीही त्याच आदिलशाहीने पुढे अहमदनगरशी झगडे केले, हे जाताजाता सांगतो. पण दगड दोन्हीकडचा वेगळा आहे. आपला काळा पाषाण पावसाला दाद देत नाही, तर तिकडचा जांभा सच्छिद्र असल्याने पाणी पितो आणि म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा लागतो. रस्त्याच्या बाजूने त्या भिंतींना प्रचंड धिरे दिलेले आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला ही वास्तू किल्ल्यासारखी, थोडी रागीटच वाटते.

आत मात्र वेगळे जग आहे. तेथे राहणाऱ्या एका सिस्टरने मला चौकापर्यंत नेले. चारही बाजूंनी कमानींचे ओवरीसारखे सोपे, मध्ये मोकळे आकाश आणि त्या उन्हातही अंगाला जाणवणारा गारवा, असा तो चौक आहे. जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला ही रचना परकी वाटत नाही, कारण आपले वाडेही रस्त्याकडे पाठ फिरवून चौकाकडे तोंड करूनच बसलेले असत. फरक एवढाच, की वाड्याचा दिंडीदरवाजा दिवसभर उघडा असे आणि येथे आत आलेली स्त्री पुन्हा बाहेर पडत नसे. चर्चमधील प्रार्थनेलाही या स्त्रिया जाळीआडूनच हजर राहत. मला ती वास्तू सुंदर वाटली आणि त्याच क्षणी या सौंदर्याची थोडी भीतीही वाटली, हे मी लपवणार नाही. ज्यांनी बाहेरचे झाड पुन्हा पाहायचे नव्हते, त्यांच्यासाठी येथे भिंतींवर चित्रे रंगवली होती.

आपल्या सोलापुरात जैन आर्यिकांचे, म्हणजे साध्वींचे, आगमन आपण पाहतो. त्यांचे व्रत चालत राहण्याचे आहे, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर त्या एका गावी मुक्काम वाढवत नाहीत. संसार सोडण्याची ती एक रीत आणि एका चौकात आयुष्य काढण्याची ही दुसरी. या दुसऱ्या रीतीत पैसाही गुंतलेला होता, कारण प्रवेश करणाऱ्या मुलीबरोबर हुंडा येत असे. श्रीमंत घरच्या मुली आणि त्यांच्याबरोबर मालमत्ता मठात जाते, अशी तक्रार गोव्याच्या नगरसभेने थेट पोर्तुगालच्या राजाकडे नेली होती. मुलींना काय वाटत होते, याची चौकशी त्या तक्रारींत कोणी केलेली नाही.

मला सर्वांत जास्त धरून ठेवले ते मात्र या मठाच्या शेवटाने. १८३४ साली पोर्तुगालने धार्मिक पंथांचे मठ बंद करण्याचा हुकूम काढला आणि पुढच्याच वर्षी गोव्यातील पुरुषांचे मठ रिकामे झाले. स्त्रियांना घराबाहेर काढले नाही, फक्त नव्या मुलीला प्रवेश द्यायचा नाही असे ठरले. शंभर जणींना पुरेल अशा त्या इमारतीत मग पन्नास वर्षे एकेक खोली रिकामी होत गेली. रस्त्यापलीकडच्या संत ऑगस्टिनच्या ओसाड चर्चचे घुमटाकार छत १८४२ मध्ये कोसळले, तेव्हा तो आवाज उरलेल्या जणींनी ऐकला असणारच. शेवटची नन १८८५ साली वारली. तिच्या अखेरच्या वर्षांत त्या तीन मजल्यांवर संध्याकाळी किती दिवे लागत असतील, या विचाराने मी चौकात बराच वेळ बसून राहिलो.

आज तेथे १९६४ पासून ‘मातेर देई’ ही सिस्टरांच्या शिक्षणाची संस्था आहे आणि शेजारी ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. हस्तिदंती मूर्ती आणि चांदीकाम पाहताना हिंदू कारागिरांचा हात ओळखू येतो. त्याविषयी स्वतंत्र व्याख्यान होईल. मी कोठला, असे त्या सिस्टरने विचारले. सोलापूरचे नाव ऐकताच ती हसली आणि म्हणाली, “मग तुमची चादर आमच्या वसतिगृहात आहे की!”

इतक्यात घरच्यांचा फोन आला. रांग पुढे सरकली होती आणि मंडळी दर्शन घेऊन बाहेरही पडली होती. माझे दर्शन राहिले ते राहिलेच. पुढचा सोहळा दहा वर्षांनी होईल, तेव्हा गुडघे काय म्हणतात ते पाहू.